गोठ्यातून घरात: गोचीड आणि पिसवांवरील वनस्पतिजन्य उपायांचा इतिहास

गोचीड आणि पिसू हे रक्तावर जगणारे दोन जीव पाळीव जनावरांबरोबरच माणसाच्या संसारात शिरले, आणि त्यांना हुसकावण्यासाठी महाराष्ट्रातील पशुपालकांनी पिढ्यानपिढ्या जे उपाय योजले त्यांचा इतिहास हा बव्हंशी विषारी वनस्पतींच्या ओळखीचा इतिहास आहे. कडुनिंब, करंज, वेखंड, सीताफळाच्या बिया, तंबाखू ही या उपायांतील ठळक नावे होत. यांतील प्रत्येक वस्तू कीटकांना मारते किंवा पळवते ती तिच्यातील विषद्रव्यामुळे, आणि ही गोष्ट वापरणाऱ्यांना पक्की ठाऊक होती. वनस्पतीपासून आलेला उपाय निरुपद्रवीच असणार ही समजूत फार अलीकडची आहे. हे उपाय गोठ्यातून बंद घरात आले, बैलाच्या पाठीवरून मांजराच्या अंगावर आले आणि पाल्याच्या काढ्यातून अर्काच्या बाटलीत आले, तेव्हा त्यांच्याभोवतीची जुनी सावधगिरी मागे राहिली. या स्थलांतराचा मागोवा घेतल्याशिवाय त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न नीट मांडता येत नाही.

प्रथम या दोन जिवांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण उपायांचे यशापयश त्यांच्या जीवनक्रमावर अवलंबून असते. गोचीड हा कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळी आणि विंचू यांच्या वर्गातील तो प्राणी आहे. गुरांवर सर्रास आढळणारा गोचीड रक्त पिण्याचे सगळे टप्पे एकाच जनावरावर काढतो, आणि रक्त पिऊन फुगलेली मादी शेवटी जमिनीवर गळून दोन-तीन हजार अंडी घालते. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड मात्र प्रत्येक टप्प्यानंतर खाली उतरतो, भिंतीच्या भेगांत किंवा दाराच्या चौकटीत कात टाकतो आणि पुन्हा कुत्र्यावर चढतो. पिसू हा सहा पायांचा बिनपंखी कीटक असून तिची अंडी जनावराच्या केसांतून घसरून जमिनीवर पडतात व अळ्या धुळीत, अंथरुणात आणि फटींत वाढतात. म्हणजे कोणत्याही क्षणी या जिवांचा मोठा भाग जनावराच्या अंगावर नसतोच, तो जनावराच्या निवाऱ्यात असतो. जुन्या पशुपालकांना हा जीवनक्रम शास्त्रीय परिभाषेत माहीत नव्हता, तरी त्यांच्या बऱ्याच उपायांचा रोख जनावराइतकाच गोठ्यावर होता, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

संस्कृतातील पशुवैद्यकाची परंपरा मोठी आहे, पण ती प्रामुख्याने राजाच्या हत्ती-घोड्यांची आहे. पालकाप्याचा म्हणून ओळखला जाणारा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापून प्रसिद्ध केला, आणि शालिहोत्राच्या नावावर चालणारे अश्ववैद्यकाचे ग्रंथ तर देशभर पसरलेले होते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना शिकारी कुत्र्यांनाही जागा दिलेली आहे. शेतकऱ्याचा बैल, धनगराची मेंढी आणि वाड्यावर राखण करणारा कुत्रा यांच्या अंगावरील गोचिडांचे ज्ञान मात्र गुराखी, धनगर आणि घरातील बायका यांच्या हाती राहिले. ते कामातून शिकले जाई आणि कामातूनच पुढे दिले जाई. त्यामुळे त्याचा इतिहास लिहिताना ग्रंथांपेक्षा चालीरीती आणि वनस्पती यांचाच आधार घ्यावा लागतो.

या चालीरीतींमध्ये औषधापेक्षा हातमेहनतीचा वाटा मोठा होता. जनावराला नदीवर नेऊन धुणे, खरारा करणे, कानामागचे, मानेखालचे आणि शेपटीच्या बुडाचे गोचीड हाताने वेचणे ही नित्याची कामे होती. गोठ्यात फिरणाऱ्या कोंबड्या आणि चरत्या गुरांमागे चालणारे गायबगळे गोचीड टिपत. जमीन शेणाने सारवून भेगा बुजवल्या जात, कोपऱ्यांत राख पसरली जाई आणि गोवऱ्यांवर कडुनिंबाचा पाला टाकून संध्याकाळी धुरी दिली जाई. बारीक कोरडी राख कीटकाच्या अंगावरील मेणचट थर खरवडते आणि त्याच्या शरीरातील पाणी उडून जाते, त्यामुळे राखेचा हा उपयोग निराधार नव्हता. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप किंवा तेल आणि हळद चोळण्याची जी खांदेमळणी होते तिचा हेतू जुवाने सोललेल्या कातडीला आराम देण्याचा असला, तरी त्या निमित्ताने जनावराचे सगळे अंग बारकाईने पाहिले जाई.

औषधांत पहिले स्थान करंजेल आणि कडुनिंबाचे तेल यांचे होते. दोन्ही कडू, उग्र वासाची आणि खरजेवर, जखमेतील किड्यांवर, गोचिडांवर लावली जाणारी तेले होत. वेखंडाची पूड धान्यात, कपड्यांत आणि जनावरांच्या केसांत अशी तिन्हीकडे वापरली जाई. कडुनिंबाचा गुण कशात आहे हे शोधण्याची आधुनिक खटपट विसाव्या शतकात झाली. १९४२ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी त्याच्या तेलातून निंबिन हे कडू द्रव्य वेगळे केले, आणि १९६८ मध्ये इंग्लंडमधील कील विद्यापीठातील संशोधकांनी अझाडिरॅक्टिन हे द्रव्य निराळे काढले. अझाडिरॅक्टिन कीटकाला तत्काळ मारत नाही. ते त्याची भूक घालवते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवते. म्हणून कडुनिंबाचा परिणाम हळू दिसतो आणि उपाय पुन्हापुन्हा करावा लागतो. जुन्या शेतकऱ्याची चिकाटी या संथ औषधाला शोभणारी होती. एका फवाऱ्यात निकाल मागणाऱ्या आजच्या ग्राहकाची अपेक्षा तशी नाही.

वनस्पतींच्या विषाची जाणीव या समाजात किती रुजलेली होती याचा उत्तम दाखला सह्याद्रीतील मासेमारीत सापडतो. डोहातले मासे गुंगवण्यासाठी रामेठ्याची साल किंवा गेळाची फळे कुटून पाण्यात टाकण्याची रीत घाटमाथ्यावर होती. ज्या लोकांनी झाडाच्या सालीने डोहभर मासे उताणे पडलेले पाहिले होते, त्यांना झाडापासून आलेली वस्तू सौम्यच असते असे कोणी सांगितले असते तर ते पटले नसते.

या घरगुती भांडाराला सरसकट प्राचीन मानण्याची प्रथा आहे, आणि ती तपासून पाहण्यासारखी आहे. सीताफळ आणि तंबाखू या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील, आणि त्यांच्या इकडील प्रसाराशी पोर्तुगिजांचे नाव जोडले जाते. तंबाखू सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या दरबारात इतकी रुळलेली होती की अकबराचा दूत असद बेग याने तेथूनच ती मुघल दरबारी नेली. घाणेरी हे आज माळरानांवर माजलेले झुडूप तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणले गेले आणि तेथून पसरले. शेतकऱ्याने या परक्या वनस्पती पारखल्या, त्यांचे विष ओळखले आणि ते कामाला लावले. परंपरा म्हणून जे आज सांगितले जाते त्याचा बराच भाग अशा चारशे-दोनशे वर्षांच्या प्रयोगांतून घडलेला आहे, आणि त्यामुळे त्या परंपरेचे मोल घटत नाही, उलट तिची चौकसवृत्ती सिद्ध होते.

या नव्या वनस्पतींपैकी सीताफळाच्या बिया आणि तंबाखू या दोहोंचे धोके सर्वांत उघड आहेत. सीताफळाच्या बियांत ॲसिटोजेनिन या गटातील द्रव्ये असतात, जी पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणाच बंद पाडतात. बियांची पूड उवांवर आणि गोचिडांवर प्रभावी ठरते ती याच कारणाने, आणि तीच पूड डोळ्यात गेली तर बुबुळावरील पारदर्शक पडदा सोलवटतो. उवांसाठी डोक्याला ही पूड लावणाऱ्या माणसांच्या डोळ्यांना झालेल्या इजांची नोंद भारतीय नेत्रवैद्यांनी वारंवार केलेली आहे. जी कुत्री-मांजरे पंजाने तोंड पुसतात आणि एकमेकांना चाटतात त्यांच्या अंगावर ही पूड चोळणे किती अविचाराचे आहे हे वेगळे सांगायला नको.

तंबाखूची गोष्ट आणखी गंभीर आहे. तिच्यातील निकोटिन १८२८ मध्ये जर्मनीत शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले. एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांना बुडवून काढण्याच्या हौदांत तंबाखूचा काढा घातला जाई, आणि विसाव्या शतकात निकोटिन सल्फेटचे चाळीस टक्क्यांचे द्रावण अमेरिकेत कीटकनाशक म्हणून सर्रास विकले जाई. निकोटिन कातडीतून शोषले जाते, आणि ओल्या तंबाखूची पाने तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर आणि अशक्तपणा येतो तो त्यामुळेच. निपाणी आणि आसपासच्या तंबाखूच्या पट्ट्यात तंबाखूचा चुरा हाताशी असल्याने त्याचे पाणी गुरांना लावणे सोपे होते. परंतु दोनशे-तीनशे किलोंच्या बैलाला जे प्रमाण सोसते तेच चार किलोंच्या मांजराच्या किंवा महिन्याच्या पिल्लाच्या जिवावर उठते. भारत सरकारने १९९२ च्या आदेशाने निकोटिन सल्फेटचा देशातील वापर बंद केला. पूर्णपणे वनस्पतीतून आलेले हे कीटकनाशक होते आणि तरीही ते बंदीच्या यादीत गेले, ही घटना या विषयात वारंवार सांगितली जायला हवी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि पुणे येथे या प्रश्नाचे स्वरूप पालटू लागले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत १८७४ मध्ये निघाली. पुढील दशकात पेटिट घराण्याच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्या आवारात १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुण्यात १८८९ मध्ये सरकारी जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली, जी १८९३ मध्ये कुमाऊंतील मुक्तेश्वरला हलवली गेली आणि पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. त्याच १८९३ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडांमार्फत पसरतो हे सिद्ध केले. सांधेदार पायांचा एखादा जीव सस्तन प्राण्यात रोग पसरवतो याचा हा पहिलाच निर्णायक पुरावा होता. तोवर गोचीड म्हणजे रक्त पिणारा उपद्रव एवढीच कल्पना होती. आता तो रोगाचा वाहक ठरला.

पिसूबाबतचा असाच शोध थेट मुंबई इलाख्यात लागला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि १८९८ मध्ये त्याच इलाख्यातील कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो हे प्रयोगाने दाखवले. त्याच्यावर फारसा विश्वास ठेवला गेला नाही, पण ग्लेन लिस्टन यांनी मुंबईत केलेले काम आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने केलेले प्रयोग यांनी तो निष्कर्ष पक्का केला. या काळातील एक विस्मृत बाजू मांजरांची आहे. अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास प्लेग रोखण्यासाठी घरोघरी मांजरे पाळावीत असा आग्रह धरला. मांजर उंदीर कमी करते हे खरे, पण उंदीर पकडणाऱ्या मांजराच्या अंगावर उंदराच्या पिसवा येऊ शकतात आणि मांजराला स्वतःला प्लेग होऊ शकतो, हेही तितकेच खरे. पाळीव प्राणी, त्यावरील पिसवा आणि माणसाचे आरोग्य यांचा संबंध वऱ्हाडात इतक्या आधी सार्वजनिक चर्चेचा विषय झाला होता, ही बाब अधिक अभ्यासास पात्र आहे.

रोगवाहक म्हणून ओळख पटल्यावर या जिवांविरुद्ध मोहिमा सुरू झाल्या, आणि मोहिमांना बाजारात मिळणारे, ठरावीक मात्रेचे औषध हवे असते. इंग्लंडमध्ये विल्यम कूपर याने १८५२ पासून मेंढ्यांसाठी आर्सेनिक आणि गंधक यांची पूड विकली होती; ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत गुरांना आर्सेनिकच्या हौदांतून चालवले जाऊ लागले. आर्सेनिक हेही खनिज, म्हणजे निसर्गातलेच, याची आठवण येथे अस्थानी होणार नाही. घरातील कुत्र्या-मांजरांसाठी मात्र निराळा माल बाजारात आला. डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर उगवणाऱ्या एका शेवंतीवर्गीय फुलाची पूड, म्हणजे पायरेथ्रम, डब्यांत भरून युरोपभर विकली जाई, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातही काश्मीर व निलगिरीत या फुलाची लागवड झाली. मलायातील मासेमार ज्या मुळ्यांनी मासे गुंगवत त्या डेरिसच्या मुळ्यांतील रोटेनोन हे द्रव्य दुसऱ्या प्रकारच्या पुडीत असे. कुत्र्याच्या पिसवांसाठी ते दीर्घकाळ वापरले गेले आणि वनस्पतिजन्य म्हणून सुरक्षित गणले गेले. २००० साली अमेरिकी संशोधकांनी उंदरांत दीर्घकाळ रोटेनोन टोचून कंपवातासारखी लक्षणे व मेंदूतील तसेच बदल निर्माण केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा त्या समजुतीला जबर धक्का बसला.

पायरेथ्रमचा पुढील प्रवास नैसर्गिक आणि कृत्रिम यांच्यातील भिंत किती पातळ आहे हे दाखवतो. फुलातील मूळ द्रव्ये उन्हात लवकर विघटित होतात, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्यांच्या रचनेबरहुकूम टिकाऊ द्रव्ये घडवली. १९७३ मध्ये मायकेल एलियट यांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे पर्मेथ्रिन तयार केले. कुत्र्याच्या मानेवर थेंब टाकण्याच्या औषधांत ते परदेशांत मोठ्या प्रमाणात वापरले गेले, आणि तेच थेंब मांजराला लावल्याने थरथर, झटके आणि मृत्यू ओढवल्याच्या घटना इतक्या झाल्या की पर्मेथ्रिनची मांजरांतील विषबाधा हा पशुवैद्यकातील स्वतंत्र विषय झाला. पायरेथ्रमच्या मूळ फुलातील द्रव्येही जास्त मात्रेत मांजराला बाधतात; टिकाऊपणा आणि तीव्रता यांचाच काय तो फरक.

स्वातंत्र्योत्तर काळात डीडीटी आणि बीएचसी या स्वस्त पुडींनी गोठ्यांतील जुन्या उपायांना जवळजवळ विस्थापित केले. बीएचसीची पांढरी पूड शेतकऱ्याच्या घरात धान्यापासून जनावरापर्यंत सगळीकडे पोचली आणि १९९७ मध्ये तिच्यावर बंदी येईपर्यंत टिकली. याच काळात दुधासाठी जर्सी आणि होल्स्टिन यांच्या संकरित गाई वाढल्या. उरुळी कांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या संस्थेचा आणि १९७० पासूनच्या दुग्धविकास मोहिमेचा त्यात मोठा वाटा होता. खिलार किंवा डांगी जनावराची कातडी आणि प्रतिकारशक्ती गोचिडांशी पिढ्यानपिढ्या झुंजून तयार झालेली होती. संकरित गाईला ते कवच नव्हते, आणि शेतकरी ज्याला गोचीडताप म्हणतात ते रोग गोठ्यांना जेरीस आणू लागले. फवाऱ्यांचा मारा वाढला, तसे गोचीड त्या द्रव्यांना दाद देईनासे झाले.

या कोंडीतून वनस्पतींकडे परतण्याची हालचाल सुरू झाली, आणि ती भावनेपेक्षा गरजेतून आली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गुरांच्या गोचिडांसाठी प्रचारात आणलेल्या मिश्रणात लसूण, कडुनिंबाचा पाला व निंबोळ्या, वेखंड, हळद, तुळस आणि घाणेरीचा पाला या वस्तू असतात. त्या वाटून पाण्यात कालवून, गाळून, उन्हाच्या वेळी जनावराच्या अंगाला लावायच्या आणि गोठ्याच्या भेगांतही फवारायच्या असतात. हा उपाय गुरांसाठी, मोकळ्या जागेसाठी आणि पाण्यात विरळ केलेल्या रूपात सांगितलेला आहे. त्यातील घाणेरी गुरांनी खाल्ली तर यकृत बिघडते आणि उन्हाने कातडी सोलवटते, म्हणजे तिथेही लावणे आणि खाणे यांतील भेद पाळावाच लागतो. हेच मिश्रण कुत्र्यामांजराच्या अंगाला लावले तर भेद पाळण्याची सोयच उरत नाही, कारण ती अंगावर लागलेले सगळे चाटतात. लसूण आणि कांदा कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. वेखंडातील बीटा-असारोन हे द्रव्य उंदरांत कर्करोगकारक ठरल्याने अमेरिकेत १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास मनाई झाली, आणि भारतीय वेखंडात हे द्रव्य विशेष जास्त असते.

या साऱ्या विषयात मांजराचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्राण्याच्या शरीरात शिरलेले परके द्रव्य यकृतात ग्लुकुरोनिक आम्लाला जोडले जाते, त्यामुळे ते पाण्यात विरघळणारे होते आणि मूत्र किंवा पित्तावाटे बाहेर पडते. मांजराच्या शरीरात ही जोडणी करणारे एक प्रमुख विकर नाही. ते बनवणारे जनुक मांजरात निकामी झालेले आहे, हे २००० च्या सुमारास स्पष्ट झाले. केवळ मांसावर जगणाऱ्या या प्राण्याला वनस्पतीतील विषे पचवण्याची गरज उत्क्रांतीत फारशी पडलीच नाही. परिणामी सुगंधी तेलांतील जी द्रव्ये गाय, माणूस किंवा कुत्रा काही तासांत बाहेर टाकतो ती मांजराच्या शरीरात रेंगाळतात आणि साचतात. महाराष्ट्रातील जुने उपाय गुरे, घोडे, मेंढ्या यांच्यासाठी घडले, आणि हे सगळे प्राणी झाडपाला खाणारे, वनस्पतींच्या विषांशी सरावलेले होते. घरातील मांजराला कोणी काही लावत नसे. ते उन्हात लोळे आणि स्वतःचे अंग स्वतः चाटून साफ करी. मांजरांवरील वनस्पतिजन्य उपचाराला म्हणूनच परंपरेचा आधार जवळजवळ नाही.

गेल्या काही दशकांत सुगंधी तेलांच्या बाटल्या बाजारात आल्या आणि त्यांच्यासोबत विषबाधेच्या नोंदीही आल्या. तेल म्हणजे पाल्याचा अनेक पटींनी केंद्रित झालेला अर्क, आणि काढ्याची मात्रा तेलाला लावणे ही या नोंदींत वारंवार दिसणारी चूक आहे. युरोपात रोमन काळापासून पिसवांसाठी वापरल्या जाणाऱ्या, पुदिन्याच्या कुळातील पेनीरॉयल या वनस्पतीचे तेल लावल्याने यकृत निकामी होऊन कुत्रा दगावल्याची घटना १९९२ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. ऑस्ट्रेलियातील टी ट्री या झाडाच्या तेलाने बाधा झालेल्या ३३७ कुत्र्यांचा आणि १०६ मांजरांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००२ ते २०१२ या काळातील त्या नोंदींत तोंडातून लाळ गळणे, पाय लटपटणे आणि गुंगी ही लक्षणे वारंवार आढळतात. अमेरिकेने १९९६ मध्ये लवंग, दालचिनी, पेपरमिंट यांसारख्या काही तेलांना कीटकनाशकांच्या नोंदणीतून सूट दिली होती. अशा सूट मिळालेल्या पिसूनाशकांनी बाधित झालेल्या ३९ मांजरांचा आणि ९ कुत्र्यांचा अभ्यास २०१२ मध्ये छापला गेला, आणि त्यांतील बहुतेक प्राण्यांवर औषध वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच लावले गेले होते.

कडुनिंबाबाबत मराठी मनात जी आपुलकी आहे ती सकारण आहे, आणि म्हणूनच त्याच्या मर्यादा स्पष्ट सांगणे अधिक गरजेचे आहे. पाला उकळून गार केलेल्या पाण्याने धडधाकट कुत्र्याला अंघोळ घालणे आणि बियांचे शुद्ध तेल अंगाला चोपडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कडुनिंबाचे तेल लावलेल्या मांजरांत अतिरिक्त लाळ, थरथर, तोल जाणे आणि झटके आढळले आहेत. त्यांतील बहुतेक काही दिवसांत सावरली, काही मेली. १९८० च्या दशकाच्या आरंभी मलेशियात हे तेल पाजलेल्या लहान मुलांत उलट्या, गुंगी आणि यकृत व मेंदूला इजा झाल्याचे नोंदले गेले होते. कापूर आणि निलगिरीचे तेल यांबाबतही मांजर असलेल्या घरात तीच सावधगिरी लागते.

सुरक्षिततेचा दुसरा अर्धा भाग परिणामकारकतेचा आहे. जो उपाय गोचीड मारत नाही तोही असुरक्षितच, कारण त्याच्या भरवशावर गेलेल्या दिवसांत रोग शरीरात शिरतो. कुत्र्यांत एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्तपेशींत वाढणारे जंतू तपकिरी गोचिडांमार्फत येतात. ताप, हिरड्यांतून रक्त आणि फिकट डोळे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. माणसाच्या बाबतीत कोकणाचा अनुभव ताजा आहे. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने ज्या रोगाचा छडा लावला तो माकडताप २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात पोचला. काजूच्या बागांत आणि रानात जाणाऱ्यांना तेथे जंगली गोचिडांपासून हा रोग होतो. रानात फिरून येणाऱ्या गुरांवरील गोचिडांचा प्रश्न तेथे केवळ गोठ्यापुरता राहिलेला नाही.

कृत्रिम औषधे निर्दोष आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. आयव्हरमेक्टिन हे बहुगुणी औषध जपानच्या मातीतील एका सूक्ष्मजीवातून मिळाले, त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेच औषध कोली जातीच्या काही कुत्र्यांना एका जनुकीय दोषामुळे जीवघेणे ठरते. औषधाचा उगम कोठला हा प्रश्न सुरक्षिततेच्या दृष्टीने गौण आहे. कोणत्या प्राण्याला, किती वजनाला, किती तीव्रतेने, किती वेळा आणि चाटले तर काय, या प्रश्नांना उत्तर आहे की नाही एवढेच पाहायचे असते.

भारतीय कायद्यात या उपायांची जागा थोडी विचित्र आहे. १९४० च्या औषध कायद्यातील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत माणसाबरोबर प्राण्यांच्या औषधांचाही समावेश आहे, तर कीटकनाशके १९६८ च्या स्वतंत्र कायद्याखाली येतात. घरी केलेले मिश्रण, सुगंधी तेलाची बाटली आणि तोंडी सांगितलेला उपाय यांवर मात्र यांपैकी कोणाचीच नजर नसते. ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी आज प्रामुख्याने सांगणाऱ्यांवर येते. म्हणून घरगुती उपायांची सदरे छापणाऱ्या मासिकांनी, पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकांनी आणि सल्ला देणाऱ्या दुकानदारांनी गोचीड-पिसवांवरील प्रत्येक वनस्पतिजन्य उपायासोबत तो कोणत्या प्राण्यासाठी आहे, किती विरळ करायचा आहे आणि मांजर, गाभण मादी व पिल्ले यांना तो वर्ज्य आहे की नाही हे स्पष्ट छापावे; आणि वाचकांनी असा खुलासा नसलेला कोणताही उपाय पशुवैद्याला विचारल्याशिवाय घरातील प्राण्यावर वापरू नये.